हिरव्या ठिपक्याचा सेल

आमच्या भाऊजींना त्यांच्या लॅबमध्ये सगळे ‘थांबा’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ठाऊक आहे आणि त्यांना राग येत नाही. येणार कुठून? दिवसातून पन्नास वेळा हा माणूस तो एकच शब्द बोलतो. कुणी दार ढकललं, थांबा. कुणी टॉर्चचं झाकण फिरवलं, थांबा. एकदा मी टेलरकडे माप द्यायला गेले होते, भाऊजी सोबत होते. तो बिचारा तोंडात टाचण्या धरून फीत लावत होता, तर हे एवढ्यांदा ओरडले, “थांबा! आधी तोंडातलं काढा!” टेलर टाचणी गिळायचाच बाकी राहिला. मी म्हटलं, “भाऊजी, त्याला वाचवताय की मारताय?” टाचण्या टेबलावर आल्या तेव्हा कुठे ते खाली बसले.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. उंच, काटकुळे, आणि उजवी भुवई अर्धीच. उरलेली अर्धी नोकरीच्या पहिल्याच वर्षी जळाली ती परत उगवली नाही. चष्म्याचं घर कायम वरच्या खिशात, त्याच्यावर हात. लोक वस्तू दुरुस्त करून पोट भरतात, हे मोडून भरायचे. टॉर्च बाजारात यायच्या आधी यांच्याकडे यायचा. हे तो आपटायचे, तापवायचे, बुडवायचे, आणि आतले चार्ज होणारे लिथियमचे सेल काय करतात ते बघायचे. “सेल चिडला की काय होतं ते आपण बघायचं,” ते म्हणायचे, “म्हणजे गिऱ्हाइकाला बघावं लागत नाही.”

आता जे सांगायचंय ते सांगून टाकते, नाहीतर मी इकडच्या तिकडच्या गप्पाच मारत बसेन.

आमचे हे प्लंबर होते. सगळ्या वस्तीचे नळ यांच्या हातचे, आणि आमच्याच स्वयंपाकघरातलं सिंक तीन आठवडे खालून गळत होतं. मी रोज कटकट करायचे. एका रविवारी सकाळी चहा झाला आणि हे म्हणाले, “घे बाई, एकदाचं करतो, म्हणजे तुझं तोंड बंद होईल.” सिंकखालच्या कपाटात अर्धे आत शिरले. टॉर्च भाऊजींनीच दिलेला होता. जाड अॅल्युमिनियमचा, दोन सेलांचा, पाण्यात टाकला तरी आत थेंब जाणार नाही असा घट्ट. उजेड मंद पडला होता. आतून हाक आली, “अगं, सेल बदलून दे!”

सेल एका पत्र्याच्या डब्यात असायचे. भाऊजी लॅबमधून आणायचे, दोन दोनची जोडी, प्रत्येक जोडीला रुंद लाल रबर. “जोडी मोडायची नाही, वहिनी,” हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं. “एक दमलेला आणि एक ताजा असे शेजारी बसवले की ताजा दुसऱ्याला ओढत नेतो. दमलेला पार रिकामा झाला तरी सोडत नाही. मग तो तापतो, गॅस सोडतो, आणि टॉर्च घट्ट बंद असला की गॅसला जायला जागा नसते.” मी हो हो म्हणायचे. एका कानाने ऐकायचे नि दुसऱ्याने सोडून द्यायचे. त्याच आठवड्यात साखरेची पिशवी बांधायला काही मिळेना, म्हणून मी एका जोडीचा रबर काढून घेतला होता. डब्यात सेल सुटे झाले, इकडचे तिकडे गेले.

मी डबा उघडला. एक साधा सेल उचलला. दुसरा उचलला त्याच्या बुडाला हिरवा ठिपका होता. माझ्याच नेलपॉलिशचा. मला तो रंग शोभत नाही म्हणून मी भाऊजींना बाटली देऊन टाकली होती, आणि आपटूनही न पेटलेल्या सेलाला लॅबमध्ये ते तिचा ठिपका द्यायचे. ठिपका म्हणजे पास. मला वाटलं, पास झालाय तर चांगलाच असणार. दोन्ही घातले, झाकण घट्ट फिरवलं, टॉर्च आत दिला.

यांचे दोन्ही हात पान्यावर होते. टॉर्च दातांत धरला. प्लंबर धरतातच.

आवाज मी ओट्यापाशी ऐकला. पुढचं मी सांगणार नाही. तिसऱ्या दिवशी हे गेले. स्वयंपाकघरात त्या रविवारी एक गोडसर वास आला होता, पिकलेल्या फळासारखा. सेल फुटल्यावर येतो म्हणे. अजून फळवाल्यापाशी तसा वास आला की मी रस्ता ओलांडते.

भाऊजींनी मला एकदाच विचारलं. हॉस्पिटलच्या जिन्यात, खाली मान घालून. “वहिनी, सेल कुणी घातले होते?”

मी म्हटलं, “मला काय माहीत! त्यांनीच घातले असतील.”

गेलेल्या माणसावर ढकललं मी. ज्याच्याशी वीस वर्षं संसार केला त्याच्यावर. भाऊजी “बरं” म्हणाले. त्यानंतर अकरा वर्षांत त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

तेरावा दिवस व्हायच्या आत ते लॅबमधल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन आले. ठिपक्याचे सेल सगळेच घरी न्यायचे, वाया कशाला घालवायचे म्हणून. त्यांनी दारोदार फिरून एकूण एक परत आणले. लोकांची मुलं टॉर्च सोडायला तयार नव्हती, तर ते उंबऱ्यात उभे राहून “थांबा, देऊ नका, चालू करू नका” करत होते. नाव तेव्हा पडलं. मला म्हणाले, “वहिनी, पास झालेला सेल म्हणजे मार खाऊन गप्प बसलेला सेल. आत काय मोडलंय ते बाहेरून दिसत नाही. आणि आम्ही त्याला शाबासकी देऊन घरी आणत होतो. मीच आणला.” एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून रडले. मी तिथेच उभी होते. तेव्हाच बोलायला हवं होतं मी.

दोन महिन्यांनी ते घरी आले. हातात एक जाड वही. म्हणाले, “सुट्टीच्या दिवशी लॅबमागचा खड्डा वापरायची परवानगी मिळालीये. दादाचा होता त्याच बनावटीचे टॉर्च आणलेत. पण एकट्याने स्फोट करायचा नाही असा नियम आहे. साक्षीदार लागतो. तुम्ही याल?”

कुठली बाई हो म्हणेल? मी हो म्हटलं. त्यांना कळेल की काय, ही भीती होती. ते माझ्या डोळ्यांसमोर कळलेलं बरं, असं वाटलं. कपाळ माझं!

वहीत रकाने होते. तारीख, पहिला सेल, दुसरा सेल, सेल कोणी घातले, काय झालं, साक्षीदार. पहिल्याच ओळीत त्या रविवारची तारीख होती. पहिला सेल ठिपक्याचा, दुसरा साधा. एवढं त्यांना टॉर्चच्या तुकड्यांवरूनच कळलं होतं. ‘काय झालं’ याच्या खाली त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘दादा गेला’. ‘सेल कोणी घातले’ कोरं. साक्षीदारही कोरं. ती ओळ मी एकदा वाचली, आणि त्या पानाकडे परत कधी बघितलं नाही.

मग आमचे रविवार सुरू झाले. खड्ड्याला तीन बाजूंनी सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत, खाली वाळू. मधे लोखंडी पकडीत टॉर्च, बूड मातीच्या बांधाकडे. टॉर्चला उष्णता मोजायची तार चिकटवलेली. बटण पंचवीस पावलांवर, लांब वायरने जोडलेलं. आम्ही जाड भिंतीमागे बाकावर बसायचो आणि खांबाला लावलेल्या आरशात बघायचो. डोकं वर काढायचं नाही. वारा कुठला ते कळायला एक चिंधी टांगलेली असायची. धूर आमच्याकडे येणार असेल तर त्या दिवशी काम बंद, डबा खाऊन घरी. सेल घालायच्या आधी दोन्ही मला दाखवायचे आणि मी मोठ्यांदा म्हणायचं, “एक साधा, एक साधा,” किंवा “एक ठिपक्याचा, एक साधा.” मग ते ‘सेल कोणी घातले’ याच्या खाली लिहायचे, ‘मी’. आणि मी साक्षीदाराची सही करायची.

बहुतेक वेळा काहीच व्हायचं नाही. भर उन्हात खड्ड्यात एक टॉर्च जळत राहायचा, हळूहळू विझायचा. पण साध्याबरोबर ठिपक्याचा असला, की कधी कधी उष्णतेचा आकडा चढायला लागायचा. पन्नास, सत्तर, नव्वद. भाऊजी श्वास घ्यायचे थांबायचे. मग तो आवाज. मग तो गोड वास. आणि मग एक तास. हा त्यांचा सगळ्यांत कडक नियम. एक सेल फुटला तरी दुसरा जिवंत असू शकतो, म्हणून घड्याळाने पुरा तास कुणी जागचं हलायचं नाही. त्या तासात आम्ही काय नाही बोललो! माझ्या मुलीची परीक्षा, तिचं लग्न, त्यांची गुडघेदुखी, आमच्या यांच्या लहानपणीच्या खोड्या. एक गोष्ट सोडून सगळं.

तिसऱ्या वर्षी मी आरशात बघितलं तर खड्ड्यात एक डोकं होतं. मडक्यावर माती थापून केलेलं, प्लास्टरचा जबडा, आणि त्या जबड्यात टॉर्च. नाक नाही, डोळे नाहीत. मी किंचाळले. “हे काय मांडलंय तुम्ही? लाज नाही वाटत?” ते म्हणाले, “वहिनी, झाकण कुठल्या बाजूने सुटतं ते समजायला हवं. दातांत धरला नसता तर दादा वाचला असता का, ते समजायला हवं.” मी रागाने निघाले. फाटकापर्यंत गेले आणि परत आले, कारण एकट्याने करायचं नाही असा नियम. त्या दिवशी टॉर्च फुटला नाही. ते मातीचं डोकं तोंडात उजेड धरून दुपारभर आमच्याकडे बघत बसलं. आरशातून सुद्धा मला त्याच्याशी नजर भिडवता येईना. डोळे नव्हते तरी.

घरी वेगळं नव्हतं. सिंकखालचं कपाट मी उघडत नाही. ते अजून गळतं. त्याच्या दाराखाली फडकं टाकते, पिळते, परत टाकते. मुलगी म्हणते, “आई, दुसरा प्लंबर बोलाव ना.” कुणाला बोलावू आणि काय सांगू? भांडी घासताना मला आतून हाक ऐकू येते. रागाची नाही, साधीच. अगं, सेल बदलून दे. मी नळ मोठा सोडते.

एक मात्र मला कळत नव्हतं. ठिपका आणि साधा असं मिसळलं की फुटतं, हे पहिल्या दोन वर्षांत दिसलं होतं. मग हा माणूस पुढची नऊ वर्षं साध्या जोड्या का लावत होता? दर रविवारी, एक साधा, एक साधा. कोऱ्या पाकिटातून काढलेले, एकाच दिवशी बनलेले. ते कधीच फुटले नाहीत. भाऊजी ते उन्हात ठेवून बघायचे, ओले करून बघायचे, आणि टॉर्च विझला की त्यांचा चेहरा असा पडायचा की जणू काही हरवलं. मी चिडवायचे, “भाऊजी, तुम्ही जगातले पहिले परीक्षक, जे माल चांगला निघाला म्हणून रडता.” मनात मी पण तेच मागत होते. फूट एकदाचा. नव्या जोडीनेसुद्धा फूट, म्हणजे मी घातलेल्या सेलाचं काही नव्हतं, टॉर्चच वाईट होता, असं मला कुणीतरी सांगेल.

मागच्या महिन्यात ते निवृत्त झाले. खड्डा बुजवणार होते. शेवटचा रविवार. मी डबा घेऊन गेले तर टॉर्च आधीच पकडीत बसवलेला.

“आज नवी जोडी,” ते म्हणाले. “घातलीये मी.”

“दाखवलीत कुठे?”

“उशीर होत होता, वहिनी.”

अकरा वर्षांत ते कधी असं वागले नव्हते. मला खटकलं. पण मी वाद घातला नाही. का नाही घातला ते मला पक्कं माहीत आहे. मला ती नवी जोडीच हवी होती.

चाळीस मिनिटांनी आकडा चढायला लागला. साठ. पंच्याऐंशी. एकशेदहा. आणि आवाज असा आला की आरसा हलला. वाळू आमच्या डोक्यावरच्या पत्र्यावर पडल्याचं ऐकू आलं. मग तो गोड वास.

भाऊजींनी वही उघडली. “नवी जोडी,” मोठ्याने बोलत त्यांनी लिहिलं. “बघा वहिनी. नव्या जोडीने पण फुटतो. म्हणजे सेल कुणी घातले, कुठले घातले, याला काही अर्थ नाही. तो टॉर्चच तसा होता. कुणाचीच चूक नाही. कुणाचीच.”

मी ढसाढसा रडले. अकरा वर्षांचं रडले. तो तासभर आम्ही दोघं म्हातारी माणसं बाकावर शेजारी बसून होतो, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की घरी जाऊन ते कपाट उघडेन असंही मनात आलं.

तास झाला. ते मास्क लावून चिमटा घेऊन उठले. मी पण उठले. मी कधी खड्ड्यात उतरत नसे.

“थांबा,” ते म्हणाले. “वहिनी, थांबा. तुम्ही नका येऊ.”

त्या थांबामध्ये काहीतरी निराळं होतं. मी थांबले नाही. तोंडावर रुमाल धरून खाली गेले. वाळूत टॉर्चची नळी फाटून पडली होती. एक सेल काळा होऊन ठोकळ्याला चिकटला होता. दुसऱ्याचं बूड माझ्या पायाशी होतं. मी चिमटा त्यांच्या हातातून घेतला आणि ते उलटं केलं. जळालं होतं, फोड आले होते, पण कडेला चंद्रकोरीएवढा हिरवा रंग शिल्लक होता. मला न शोभणारा.

मी ते चिमट्याने त्यांच्यासमोर धरलं. मग म्हटलं, “तुम्ही आयुष्यात वहीत खोटं लिहिलं नव्हतंत.”

त्यांनी मास्क काढला.

“कुणासाठी लिहिलंत, भाऊजी?”

त्यांनी वरच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं. उघडलं. चष्म्याखाली, फडक्याखाली, एक रुंद लाल रबर होता. कडक झालेला, दोन ठिकाणी तुटलेला, आतल्या कापडाला चिकटून बसलेला.

“साखरेच्या पिशवीला होता,” ते म्हणाले. “त्याच दिवशी. तुम्ही दवाखान्यात होता, मी कुलूप लावायला घरी आलो होतो. सेलांचा डबा ओट्यावर उघडाच होता. रबर काढून घेतला. पोलिसांनी बघू नये म्हणून. आणि तुम्ही परत आल्यावर तुमच्या नजरेला पडू नये म्हणून.”

म्हणजे जिन्यात मला विचारलं तेव्हा त्यांना माहीत होतं. मी खोटं बोलले तेही माहीत होतं. आणि नऊ वर्षं दर रविवारी हा माणूस नवी जोडी लावून बसत होता, ती एकदा फुटावी, आणि मला खरंखुरं सांगता यावं की वहिनी, तुमचा हात नव्हता. ती फुटली नाही. खड्डा बुजायची वेळ आली. मग त्यांनी ठिपका घातला.

“मला वाटलं, तुम्ही स्वतःचीच चूक शोधताय,” मी म्हटलं.

“ती शोधायची काय गरज होती,” ते म्हणाले. “सेल मीच आणला होता.”

बाकावर परत येऊन मी वही मागितली. त्यांनी शेवटचं पान उघडून दिलं. मी पानं मागे उलटत गेले, अगदी पहिल्यापर्यंत. ती ओळ तशीच होती. तारीख. ठिपक्याचा. साधा. दादा गेला. मधला रकाना अकरा वर्षं कोरा. मला नेहमी वाटायचं, त्यांना माहीत नाही म्हणून तो कोरा आहे.

मी पेन घेतलं. ‘सेल कोणी घातले’ याच्या खाली लिहिलं, ‘मी’.

भाऊजींनी ते वाचलं. मग माझ्या हातातून पेन घेऊन शेजारी, साक्षीदाराच्या रकान्यात, सही केली.